महादेवाची फणी

काळदांडी केळ कशी होती, हे नेमकं सांगू शकतील अशी दोनच माणसं आता गावात उरली आहेत. एक शिवम्मा आणि दुसरा मी. शिवम्मा सांगत नाही. तेव्हा मलाच सांगावं लागतंय, आणि सांगताना मी स्वतःला सोडणार नाही. फार वर्षं सोडलं.

बुंधा सरळसोट, बारा फूट उंच. हल्लीच्या केळीसारखा बुटका आणि ढेरपोट्या नाही. पानाचा दांडा तव्याच्या बुडासारखा काळा, म्हणून नाव काळदांडी. पान अरुंद, त्याच्या पाठीवर पांढरी भुकटी. बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागायची. फळ चार इंचांचं, मुठीत मावणारं, कडा ठसठशीत. साल पातळ, पण पिकल्यावरही फळ घडावरून सुटायचं नाही. बाजारचं केळं तिसऱ्या दिवशी काळं पडून गळतं, हे बारा-बारा दिवस टिकायचं. गोडीला शेवटी आंबट झाक, त्यामुळं एकावर थांबता यायचं नाही. लिंबागणेशला चतुर्थीच्या दिवशी ही केळी आली की उपासाची माणसं दुसऱ्या पाट्यांकडं वळूनही बघायची नाहीत. राहिला घड. त्याचं पुढं सांगतो, कारण सगळा घोळ घडातच झाला.

आमचं गाव हिंगणवाडी, लिंबागणेशहून दोन कोस, डोंगराच्या अंगाला. गावात किराण्याचं दुकान एकच, मन्मथप्पांचं, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांचं. शिवम्मा त्यांची बायको. लग्न होऊन बिदरकडून आली तेव्हा बैलगाडीत भांड्यांच्या शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मुनवा होता. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू. केळीला पेरायला बी नसतं, या पिल्लावरच तिचा वंश चालतो. त्या एका मुनव्याची वीस वर्षांत चाळीस बेटं झाली. तोवर तिच्या माहेरच्या मळ्यात ऊस उभा राहिला आणि तिथली काळदांडी संपली. म्हणजे ही चाळीस बेटं मेली की काळदांडी मेली. हे शिवम्माला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एक.

त्या घरात एक रीत होती. घड भरला की तो झाडावर असतानाच, सोमवारी, अंघोळ करून आणि कपाळाला विभूती लावून त्याची वरची पहिली फणी कापायची. वरची फणी म्हणजे घडातली सगळ्यांत मोठी, पंधरा-सोळा केळांची. ती महादेवाची. देवळाच्या कोपऱ्यात कडब्यात दाबून पिकवायची आणि पुढच्या सोमवारी गावाला वाटायची. आणि ती काट्यावर कधीच ठेवायची नाही. मन्मथप्पांचा जन्म तराजूमागं गेला. हिंगाच्या खड्यापासून गुळाच्या ढेपेपर्यंत त्यांनी सगळं तोललं, पण मठातल्या जंगमस्वामींना द्यायचे तांदूळ ते ओंजळीनं घालायचे. "देवाचं तोलायचं नसतं. तोललं की ते आपलंच राहतंय," असं ते म्हणायचे. महादेवाच्या फण्यांची टोपली डोक्यावर घेऊन देवळात न्यायचं काम लहानपणी माझ्याकडं असायचं. उरलेला घडही मीच घरी आणायचो. दोन्ही ओझी माझ्या मानेला चांगली ठाऊक होती.

एकोणसत्तर साली गावात फळबाग सोसायटी निघाली. विठ्ठलराव अध्यक्ष. माणूस कर्तबगार होता, हे कबूल करायला पाहिजे. त्यांच्या खटपटीवाचून सामुदायिक विहीर झाली नसती की तिच्यावर इंजिन बसलं नसतं. विहीर झाल्यावर बसराई केळीचे मुनवे ट्रकनं आले. बसराईचा घड पाणी मनासारखं मिळालं तर वीस किलोचा. गाव हरखलं. दोन वर्षांत विहिरीच्या खाली एकोणीस मळे झाले, अठरांत बसराई आणि एकात शिवम्माची काळदांडी. मी नुकता मॅट्रिक झालो होतो. विठ्ठलरावांनी मला सोसायटीत मोजणीदार म्हणून घेतलं. झाडाची उंची, बुंध्याचा घेर, पानं, घडातल्या फण्या, फणीतली केळी आणि घडाचं वजन एका मोठ्या वहीत लिहायचं. महिन्याभरात गावात माझं नाव झालं. गहिनीनाथच्या टेपला लाचलुचपत माहीत नाही म्हणे. चेहऱ्याला हळद लावून बसावं तसा मी ती कीर्ती लावून बसलो.

एकाहत्तर साली मन्मथप्पा गेले. दुकान दिरांनी चालवायला घेतलं, मळा शिवम्माकडं राहिला. आणि बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. मृग कोरडा, पोळा कोरडा. दसऱ्याला विहिरीत दोन पुरुष पाणी उरलं होतं. विठ्ठलरावांनी सोसायटीची बैठक बोलावली.

"सगळ्यांला घोट घोट दिलं तर सगळीच मरत्याल," ते म्हणाले. "जी केळ माल देती तिला पाणी. जी देत न्हाई तिचं पाणी बंद. ह्याच्यात माझं-तुझं न्हाई. घडाचं वजन करा, रेघ मारा, मोकळं व्हा."

 ज्याला त्याला आपली केळ रेघेच्या वर दिसत होती.

"गहिनीनाथ, वही तुझ्यापाशी हाय. रेघ कुठं मारायची बे?"

मी वही उघडून बघितल्यासारखं केलं, पण आकडा वहीतून काढला नाही. तो मी डोक्यातून काढला. सगळ्यांत कमी वजनाची केळ शिवम्माची, हे उघड होतं. रेघ तिच्या खाली बसली पाहिजे, म्हणजे तिचं पाणी तुटणार नाही. लहानपणापासून मी काळदांडीचे घड वाहिले होते. साडेआठ किलोच्या खाली घड कधी नसायचा. म्हणून मी म्हणालो, "आठ किलो ठेवा. दहा घडांची सरासरी आठ."

"आठ म्हंजी लई सवलत झाली," विठ्ठलराव म्हणाले, पण त्यांनी ते मंजूर केलं. सगळ्यांनी हात वर केले. मी मनात शिवम्माला केळ राखून दिली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या त्या वेळी आली नाही. माझ्या मानेला जे साडेआठ किलो ठाऊक होते, त्यांत देवळात नेलेली फणी धरलेली होती.

मोजणी कार्तिकात, मंगळवारी ठेवली होती. सुरुवात विठ्ठलरावांच्या मळ्यातून झाली. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगला. सगळे सभासद भोवती उभे. बसराईला तीन महिने पाणी अपुरं पडलं होतं, घड हातभर राहिले होते आणि केळी बोटाएवढी. विठ्ठलरावांच्या गड्यानं घड आणले ते बघून मी चमकलो. घड तोडताना दांडा वीतभर ठेवतात, इथं हात-दीड हात ठेवला होता. खालचं केळफूल घड भरायच्या आधीच मोडून टाकायचं असतं, नाहीतर फळाचं अन्न ते खातं. इथं दहाही घडांना केळफुलं लोंबत होती, एकेक अर्ध्या किलोचं. दांडा आणि फूल सोडलं तर घड पावणेसात किलोंचाही भरला नसता. काटा सव्वाआठवर थांबला.

मी विठ्ठलरावांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"घडाचं वजन म्हणलंय ठरावात," ते शांतपणे म्हणाले. "दांडा घडाचाच की."

मी लिहिलं, सव्वाआठ. टेपला लाचलुचपत माहीत नव्हती, पण नोकरी माहीत होती. बाकीच्यांनी ते बघून आपापल्या मळ्यात निरोप धाडले, आणि दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या घडांना हातभर दांडे फुटले. तरी सात जण रेघेखाली गेलेच. त्यांनी बोंब मारली. मी वही दाखवली.

उन्हं कलताना आम्ही शिवम्माच्या मळ्यात पोहोचलो. ती बांधावर उभी होती. पांढरं लुगडं, डोईवर पदर, कपाळाला विभूती. तिनं दहा घड तोडून केळीच्या पानावर ओळीनं मांडले होते. दांडा वीतभर, केळफूल मोडलेलं, जसं असावं तसं. पण मला पहिल्या नजरेतच दिसलं. प्रत्येक घडाच्या वरच्या टोकाला ताजी कापलेली खूण होती आणि तिच्यावर चीक वाळला होता. काल सोमवार होता. घड मंगळवारी तुटणार म्हणून तिनं सोमवारीच महादेवाच्या दहा फण्या काढून देवळात पोहोचत्या केल्या होत्या. 

पहिला घड काट्याला लावला. सात किलो शंभर. दुसरा, सात तीनशे. दहा घड झाले. सरासरी सात किलो दोनशे.

 तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक माणसानं महादेवाचं केळं खाल्लं होतं. वरची फणी कुठं गेली, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. एकेक फणी दीड किलोची. दहाही फण्यांची टोपली देवळाच्या कोपऱ्यात होती, आणि देऊळ तिथून शंभर पावलांवर.

मी शिवम्माजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "अक्का, टोपली आणू का देवळातली?"

"कावून?"

"वजनात धराया."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्यापुढं काही घाण केल्यासारखं ते बघणं होतं.

"देव काट्यावर चढवतोस व्हय रं गहिन्या? आप्पांनी कदी चढवला का?"

"न्हाई, पर अक्का, पाणी—"

"देवाला दिलेलं मी माघारी आणणार न्हाई. तुला जे ठावं हाय ते तू लिव्ह." एवढं बोलून ती सरळ उभी राहिली. तिचा आवाज घाबरलेला नव्हता. मी आहे म्हटल्यावर तिला घाबरायचं कारण वाटलं नव्हतं.

मी वहीजवळ आलो. विठ्ठलराव खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाले, "काय लिवतोस बे? दिवस बुडाया आला."

त्या क्षणी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'ह्या घडांची एकेक फणी देवाला गेली, ती धरून घड साडेआठचा होतो.' भोवती पंचवीस माणसं साक्षीला होती. विठ्ठलरावांनाही 'नाही' म्हणता आलं नसतं. त्यांच्या घडांच्या दांड्यांवर मी काही बोललो नव्हतो, त्याचं तेवढं मोल त्यांनी मला दिलंच असतं. पण रेघेखाली गेलेले सात जण माझ्याकडं टक लावून होते. आता हा शेजारणीला झुकतं माप देतो का, हे त्यांना बघायचं होतं. आणि मला माझी कीर्ती आठवली. जे काट्यावर आहे तेच लिहिणारा गहिनीनाथ. मी पेन उचलला आणि लिहिलं. फण्या, पाच. वजन, सात किलो दोनशे. मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

"बघा, शेजारपाजार न्हाई का माया न्हाई," विठ्ठलराव सगळ्यांना म्हणाले. "असा माणूस पायजे."

जिथं धाक होता तिथं मी डोळे मिटले, आणि जिथं माया होती तिथं न्यायाधीश झालो. हे वाक्य सुचायला मला पुढं बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मला फक्त शिवम्माकडं बघवत नव्हतं.  तिनं घड उचलून पाटीत भरले आणि ती घराकडं निघाली.

सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि कुणीतरी एकट्यानं भोगायचं. कार्तिक सरताना काळदांडीचं पाणी तुटलं. अकरा मळ्यांना पाळ्या सुरू राहिल्या. बसराई म्हणजे पाण्याची राक्षसीण. दर चौथ्या दिवशी पाट भरून वाहायचा. माघात विहिरीचा तळ लागला. इंजिनानं गाळ ओढला, मग वारा ओढला, मग ते बंद पडलं. पाणी बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बसराई मटकन बसली. बुंधे मधूनच मोडून पडले. अकरा मळे सपाट झाले. विठ्ठलरावांनी बुंधे कापून जनावरांना घातले आणि सोसायटीच्या दाराला कुलूप लावलं.

काळदांडी मात्र उभीच होती. कार्तिकापासून पाटाचा थेंब नव्हता. बाहेरची पानं वाळून बुंध्याला लटकली, तिनं ती स्वतःभोवती चादरीसारखी ओढून घेतली. मधलं एक पान हिरवं. एक जातं तोवर दुसरं अर्ध्या वितीनं वर यायचं. मी रोज जाऊन बघायचो, दिवस मोजायचो. मोजायची सवयच ना. एकशे बारा दिवस ती केळ बिनपाण्याची उभी राहिली. वीस किलोची बसराई पाण्यावाचून वीस दिवस टिकली नाही. माझ्या वहीत उंचीचा रकाना होता, घेराचा होता, वजनाचा होता. पाण्यावाचून किती दिवस, असा रकाना कुणी आखला नव्हता, आणि आमच्या बीडकडं, सांगा, दुसऱ्या कुठल्या रकान्याची गरज होती?

शिवम्मानं जमेल ते केलं. दोन मुनवे केजला बहिणीकडं धाडले. तिथं माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं, ते सुकून गेले. घरच्या मोरीचं, भांड्यांचं पाणी ती कळशीनं मळ्यात न्यायची. पुढं राखेनं भांडी घासायला लागल्यावर तेही पाणी संपलं. मीही आठ दिवस आमच्या घरची एक घागर चोरून मळ्यात नेली आणि तीन बेटांच्या बुडाशी ओतली. नवव्या दिवशी माझी बायको अंजना दारात आडवी उभी राहिली.

"लेकराला ताप हाय. घरात तांब्याभर पाणी न्हाई. आन तुमी केळीला पाजता? तवा तोंड शिवलं होतं का?"

तिचं चुकत नव्हतं. मी घागर खाली ठेवली. त्या घागरीनं काही होणारही नव्हतं. पाण्याची एक पाळी पुरली असती, फक्त एक पाळी, चाळीस बेटांना. तेवढं पाणी माघात गाळाबरोबर बसराईच्या बुडात गेलं होतं.

पाडव्याच्या आधी आठ दिवस मधलं पानही गेलं. पाडव्याच्या सकाळी मी मळ्यात गेलो तर शिवम्मा कुदळ घेऊन कंद उकरत होती. केळीचा जीव कंदात असतो. वरचं सगळं गेलं तरी कंद ओला असला तर आशा असते. ती कंद काढायची, विळ्यानं चिरायची, बघायची आणि बाजूला टाकायची. आत नुसता भुसा होता, भोपळ्याच्या वाळक्या कवचासारखा. मी बांधावर थांबलो. चाळीस बेटं तिनं एकटीनं उकरली. मला कुदळ मागायचा धीर झाला नाही. शेवटचा कंद चिरून झाल्यावर तिनं विळा पुसला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"अक्का," मी म्हणालो, "टोपली आणू दिली असती तर—"

"माझ्या हाताला देवाची आण होती," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला कुणाची होती?"

  त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

बोलली नाही म्हणजे चाळीस वर्षं बोलली नाही. भिंत एक, अंगणं लागून. माझी पोरं तिच्या अंगणात वाढली. सून आली, नातवंडं झाली, ती तिच्या मांडीवर खेळली. मी समोर आलो की ती पदर सारखा करायची आणि दुसरीकडं बघायची. महादेवाची रीत तिनं सोडली नाही, फक्त आता बाजारातून विकतची केळी आणायची आणि सोमवारी घरोघर पाठवायची. आमच्याकडंही यायची. आम्ही घरात चार माणसं होतो तेव्हा केळी तीन यायची. सहा झालो तेव्हा पाच. अंजना पहिल्यांदा म्हणाली की मोजायला चुकलं असंल.  त्या घरात देवाचं मोजत नव्हते, पण मला बरोबर मोजून वगळत होते.

सोसायटी बुडाली. विठ्ठलराव गेले, त्यांच्या नावाची कमान वेशीत उभी राहिली. विहिरीत आता गाव कचरा टाकतं. मी वही मात्र टाकली नाही. ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवली. का ठेवली, ते मला विचारू नका.

दोन हजार तेरा साली पुन्हा तसाच दुष्काळ पडला. टँकरच्या मागं गाव धावत होतं, आणि अशा दिवसांत एका सोमवारी कृषी विद्यापीठातल्या एक बाई आल्या. तरुण, पाठीला सॅक, हातात छापील कागद. गावोगावच्या जुन्या देशी केळींची त्या नोंद करत होत्या. कमी पाण्यात तगणारे वाण आता हवे होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की म्हाताऱ्या गहिनीनाथकडं जुनी वही आहे.

मी ट्रंक उघडली. बाईंनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काका, हे तर सोनं आहे! इतकी व्यवस्थित मोजमापं त्या काळात कुणी ठेवली नाहीत. उंची बारा फूट, घेर सव्वादोन फूट, पानं अकरा, फण्या पाच, घड सात किलो दोनशे." त्या कागदावर उतरवायला लागल्या. "उत्पन्न मात्र कमीच. पण नोंद तर झाली."

"सहा," मी म्हणालो.

"काय?"

"फण्या सहा होत्या. वजन साडेआठच्या वर." आणि मग मी थांबलोच नाही. महादेवाची फणी, ताणकाटा, हातभर दांडे, एकशे बारा दिवस. चाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. वरातीमागून घोडं, पण निघालं.  अंजना आतून बाहेर येऊन चौकटीला धरून उभी राहिली.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वहीकडं बोट केलं. "पण काका, हे अक्षर तुमचंच आहे ना?"

"माझंच."

"मग मोजून लिहिलेलं सोडून मी आठवणीतलं कसं धरू? ते एकशे बारा दिवसांचं मी शेऱ्यात घालते." त्यांनी शेऱ्यात ते लिहिलं आणि पुढं कंसात 'ऐकीव' असं घातलं. "त्या वेळचं प्रत्यक्ष बघितलेलं दुसरं कुणी आहे का? त्यांनी सहा सांगितलं तर मला दुरुस्त करता येईल."

मी त्यांना शेजारी घेऊन गेलो. चाळीस वर्षांनी त्या ओट्याला पाय लावला. शिवम्मा भिंतीला टेकून बसली होती. शहाऐंशी वर्षांची, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला, कपाळाला विभूती. पुढ्यात विकतच्या केळांची फणी होती, वाटायची.

बाईंनी वाकून नमस्कार केला, कुठून आल्या ते सांगितलं आणि विचारलं, "आजी, तुमच्या काळदांडीच्या घडाला फण्या किती असायच्या? पाच का सहा?"

शिवम्मानं पुढ्यातली फणी चाचपली. 

"अक्का," मी म्हणालो, "सांगा यांना. मी सांगितलंय. महादेवाची धरून सहा. आता तरी नोंद खरी होऊ द्या."

तिनं माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. चाळीस वर्षांनी पहिल्यांदा.

"पाच," ती म्हणाली.

"अक्का—"

"लिवा बाई, पाच. समद्या गावापुढं मोजल्यात ह्यानं. गहिनीनाथ खोटं लिवत न्हाई. कुणालाबी इचारा."

तिनं पुढ्यातल्या फणीतलं एक केळं मोडून बाईंच्या हातात दिलं आणि बाकीची फणी पदराखाली घेतली. बाईंनी कागदावर पाचचा आकडा पक्का केला. सगळ्यांत खाली माहिती देणाऱ्याची सही लागत होती. त्यांनी पेन माझ्यापुढं धरला आणि मी सही केली.